पालीला फ्रीजमध्ये ठेवून फोटो स्पष्ट येत नाही

"फोटो काढण्याआधी पाल किंवा सरडा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. थंड रक्ताचा प्राणी आहे, त्याला काही होत नाही, फक्त शीतनिद्रा लागते. मग तो हलत नाही आणि क्लोज-अप एकदम स्पष्ट येतो."

हा सल्ला फिरत फिरत ठाण्याच्या मावशीमार्फत माझ्यापर्यंत, इथे लेस्टरला पोचला. "तुझ्या खसखशीचे फोटो हलतात ना गं, हे करून बघ," असं तिने मायेनेच लिहिलं होतं. खसखस म्हणजे माझी लेपर्ड गेको, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पाल. मावशीला फोन करून सांगितलं, तेच इथे लिहिते: हे कृपा करून कोणीही करू नका.

"थंड रक्ताचा" या शब्दानेच घोटाळा केलाय. अशा प्राण्याला अंगात पुरेशी ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे बाहेरची थंडी आपल्यापेक्षा त्याला लवकर आतपर्यंत भिडते. खसखशीच्या पेटीतला उबेचा कोपरा 32 अंशांवर असतो, फ्रीज साधारण 4 अंशांवर. तिथे ती शांत होत नाही, तिचे स्नायू चालेनासे होतात. थंडी म्हणजे भूल नव्हे. म्हणूनच प्राण्यांचे डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्याला नुसतं गार करून भूल दिली असं मानत नाहीत.

शीतनिद्रेचं म्हणाल, तर ती काही आठवड्यांत हळूहळू येते. त्याआधी प्राणी खाणं सोडतो, पोट रिकामं होतं. 32 अंशांवरून उचलून फ्रीजच्या कप्प्यात ठेवणं हा त्याला बसलेला धक्का आहे.

आणि आता फोटो. मुळात प्राणी हलल्यामुळेच फोटो बिघडतो हे गृहीतच चुकीचं आहे. मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणाऱ्या) लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी घेतली, तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/8 ला (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान आणि स्पष्ट भाग जास्त खोल) जेमतेम 1 मिलीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा साधला की नाकपुडी धूसर. पाल दगडासारखी बसली तरी हेच होणार, त्यात आपला हात हलतोच. उपाय कॅमेऱ्याकडे आहे: थोडं मागे सरका, एफ/11 ठेवा आणि तिच्या डोळ्याच्या पातळीवर उतरून कॅमेरा तिच्या कुशीला समांतर धरा. मग डोळा, जबडा आणि खांदा एकाच प्रतलात येतात. शटर 1/200 सेकंदावर ठेवून कमी ताकदीचा फ्लॅश बाजूने मारा. त्याचा झोत इतका क्षणिक असतो की बारीक हालचाल गोठते. फ्लॅशपुढे बटर पेपर लावा, म्हणजे खवल्यांवर पांढरे डाग पडत नाहीत आणि निशाचर डोळ्यांना झोत थेट लागत नाही. फोन असेल तर अगदी नाकाशी नेऊ नका, दोनपट झूम करून थोडं लांबूनच घ्या. काचेतून काढायचा असेल तर आधी काच पुसा आणि लेन्स काचेलाच टेकवून धरा.

गारठलेल्या गेकोचा चेहरा तर फोटोत लगेच ओळखू येतो. बहुतेक पालींना पापण्या नसतात, लेपर्ड गेकोला असतात, आणि थंडीने त्या अर्ध्या मिटतात. अंग जमिनीला चिकटतं. दमट खोलीत थंड कातडीवर दव धरतं ते वेगळंच. ज्या डोळ्यासाठी एवढा खटाटोप, तोच हातचा जातो.

खसखस संध्याकाळी जागी होते. आधी गुहेच्या तोंडाशी नुसतं डोकं बाहेर काढून बसते, कधी कधी दोन-दोन मिनिटं. मी कॅमेरा आधीच लावून, पोटावर पडून वाट बघते. तिने मान वळवली की सोनेरी बुबुळातली उभी, किंचित नागमोडी फट दिसते. किडा दिसला तर शेपटीचं टोक थरथरतं आणि बाकीचं अंग अगदी निश्चल होतं. मी बटण तेव्हा दाबते.