रॉबिनचे नकार

स्वीडिश पॉप म्हटलं की आपली गाडी ॲबाच्या पुढे फारशी सरकत नाही. फार तर रॉक्सेट. म्हणून आज रॉबिन या स्वीडिश गायिकेबद्दल लिहितोय. तिची गाणी मला आवडतातच, पण तिनं वेळोवेळी दिलेल्या नकारांबद्दल त्याहून जास्त आदर वाटतो.

रॉबिन स्टॉकहोमची, आईवडील नाटकवाले. १९९५ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती. १९९७ मध्ये तिची दोन गाणी अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये पहिल्या दहात पोचली. त्यामागे डेनिझ पॉप आणि मॅक्स मार्टिन हे स्वीडिश निर्माते होते. पुढच्याच वर्षी याच मॅक्स मार्टिनच्या गाण्यानं ब्रिटनी स्पिअर्सला जगभर पोचवलं. तो रस्ता रॉबिनलाही मोकळा होता.

१९९९ च्या 'माय ट्रूथ' मध्ये तिनं स्वतःच्या गर्भपाताच्या अनुभवावर लिहिलं. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीला त्यात बदल हवे होते. रॉबिन बधली नाही आणि अल्बम तिथे आलाच नाही. जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ समोर असताना, विशीच्या उंबरठ्यावर, आपल्या गाण्यातली एक ओळही इकडची तिकडे न करणं! मला तरी हा तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा क्षण वाटतो.

पुढे 'द नाइफ' या स्वीडिश जोडीबरोबर केलेलं गाणंही कंपनीला रुचेना. मग तिनं करारातून अंग काढून घेतलं आणि २००५ मध्ये स्वतःची 'कोनिचिवा रेकॉर्ड्‌स' ही कंपनी काढली. ऑगस्ट २००७ मध्ये क्लीरप या स्वीडिश संगीतकाराबरोबरचं 'विथ एव्हरी हार्टबीट' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. काय गाणं आहे ते! नेहमीसारखं घोळवता येईल असं ध्रुवपद त्यात नाही. मध्येच ठेका थांबतो, नुसती व्हायोलिनं उरतात, आणि मग ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहते. दर वेळी ती ओळ जास्त बोचते. कुठल्या कंपनीच्या बैठकीत अशा रचनेला होकार मिळाला असता, सांगा!

२०१० चं 'डान्सिंग ऑन माय ओन' तुम्ही कॅलम स्कॉट या ब्रिटिश गायकाच्या आवाजात ऐकलं असेल. त्यानं ते संथ, रडवेलं केलंय. मूळ गाणं ऐकाच. आपला माणूस दुसरीबरोबर आहे हे क्लबच्या कोपऱ्यातून दिसत असताना ती नाचणं थांबवत नाही, आणि खालचा सिंथेसायझर शेवटपर्यंत ठणठणत राहतो. दुःख आणि ठेका, दोन्ही पूर्ण ताकदीनं. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला तिचा कार्यक्रम सुटल्यावर लोक भुयारी रेल्वेच्या फलाटावर हेच गाणं एका सुरात गात होते.

२०१० च्या 'बॉडी टॉक' या अल्बमनंतर तिचा पुढचा एकल अल्बम यायला आठ वर्षं लागली. मधल्या काळात नातं तुटलं, आणि २०१४ मध्ये ख्रिस्तियान फाल्क हा तिचा जुना सहकारी गेला. अशा वेळी 'लोक विसरतील' या धास्तीनं काहीबाही बाजारात आणणारे कमी नाहीत. तिनं तसं केलं नाही. २०१८ चा 'हनी' ऐकताना ही सवड जागोजागी जाणवते. गाणी घाईनं कळसाला जात नाहीत, हळूहळू पसरतात.

ऐकायला सुरुवात करायची तर 'बॉडी टॉक' पासून करा, आणि 'कॉल युअर गर्लफ्रेंड' चा व्हिडिओ बघा. एकच सलग शॉट, रिकामा हॉल, त्यात एकटी रॉबिन. 'हनी' मात्र रात्री, हेडफोन लावून, पहिल्या गाण्यापासून ओळीनं.