चेंडू हातात नसताना

डोंबिवलीहून दादाचा फोन रविवारी सकाळी येतो. त्याची संध्याकाळ असते, चहा झालेला असतो आणि वाद घालायची पूर्ण तयारी असते. २०२५च्या एप्रिलमध्ये वैभव सूर्यवंशीने जयपूरला ३५ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले आहेत. पोराला उद्याच भारतीय संघात घ्या म्हणणारे एकीकडे, चौदाव्या वर्षी त्याचा बळी देऊ नका म्हणणारे दुसरीकडे. त्यातच विरारच्या आयुष म्हात्रेने चेन्नईकडून बंगळुरूच्या गोलंदाजांना झोडपून ९४ धावा काढल्या आणि घरचा अभिमानही वादात उतरला. "तुमच्या अमेरिकेत बरं असतं," दादा म्हणतो. "सगळं मोजून-मापून घेतात. आपल्यासारखी एका खेळीवर आरती ओवाळत नाहीत."

दादाचं हे वाक्य मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे केंटकीतला एक मुलगा.

मी राहतो त्या लेक्सिंग्टनमध्ये बास्केटबॉल म्हणजे विद्यापीठाचा संघ. सबंध केंटकी राज्यात एनबीएचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, एकही संघ नाही, त्यामुळे वीस हजारांहून जास्त माणसं मावणारं रप अरीना कॉलेजच्या पोरांसाठी भरतं. २०२३-२४च्या हिवाळ्यात तिथे रीड शेपर्ड खेळत होता. लंडन नावाच्या इथल्याच एका लहान गावचा. वडील जेफ शेपर्ड १९९८ साली याच विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून देताना अंतिम फेरीतले सर्वोत्तम खेळाडू ठरलेले. आई स्टेसीही इथलीच खेळाडू, तिचं माहेरचं आडनाव रीड. तेच मुलाचं नाव ठेवलं. (आपल्याकडे एखाद्याचं नाव 'कुलकर्णी जोशी' असतं तर कसं वाटलं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.)

तर हा रीड. उंची सहा फूट दोन इंचांच्या आसपास, म्हणजे या खेळात ठेंगणाच. पहिल्याच वर्षी सरासरी १२.५ गुण, साडेचार असिस्ट (म्हणजे सोबत्याला गुण मिळवून देणारे पास), प्रत्येक सामन्यात अडीच वेळा चेंडू हिसकावणं. लांबून, तीन गुणांसाठी टाकलेल्या १४४ फेकींपैकी ७५ आत. निम्म्याहून जास्त! आणि तरीही ३३ सामन्यांपैकी फक्त पाचांत तो सुरुवातीपासून मैदानात होता. बाकीच्या वेळी बाकावरून यायचा. त्याच बाकावर शेजारी रॉब डिलिंगहॅम बसायचा. पुढे ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, रीड तिसरा गेला, डिलिंगहॅम आठवा. देशातले इतके चांगले दोन गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे खेळाडू) एकाच संघाच्या बाकावर बसून होते.

आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्या मते रीड हा जन्मजात पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा. चेंडू त्याच्या हातात द्या, बाकी चौघांनी त्याचं ऐकावं. मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याने ३२ गुण केले आणि शेवटच्या क्षणी स्वतः आत घुसून सामना जिंकून दिला, तेव्हा आजोबांनी कुंपणावरून मला हाक मारून विचारलं, "आता बोला." मी बोललो. मला तो तेव्हाही दुसरा गार्ड, म्हणजे चेंडू चालवणाऱ्याच्या जोडीला खेळणारा, वाटत होता आणि आजही वाटतो.

माझं म्हणणं असं. कॉलेजातला गार्ड बघताना सगळ्यांची नजर चेंडूवर असते. ज्याच्या हाती चेंडू, तो मोठा. पण एनबीएत गेल्यावर दहांतल्या नऊ जणांच्या हातातून तो चेंडू काढून घेतला जातो, कारण तिथे प्रत्येक संघात त्याच्याहून मोठा, आधीच सिद्ध झालेला कुणीतरी असतो. मग प्रश्न उरतो, चेंडू हातात नसताना हा पोरगा काय करतो? रीड इथे सोनं आहे. कोपऱ्यात उभा राहिला तरी प्रतिस्पर्ध्याला त्याला सोडून जाता येत नाही, म्हणजे नुसत्या उभं राहण्यानेच तो सोबत्यांना जागा करून देतो. समोरच्याचा पास कुठे जाणार हे त्याला अर्धा क्षण आधी कळतं. पास मिळाल्यावर तो चेंडू धरून बसत नाही. आणि उलट बाजूने, प्रत्येक वेळी चेंडू वर आणायचं काम त्याच्यावर टाकलं तर उंच, लांब हातांचे बचावपटू त्याला पार मैदानाच्या कडेपर्यंत ढकलत नेतात. शिवाय बचावात तोच लक्ष्य होतो. समोरचा संघ स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आपला माणूस उभा करून, अदलाबदल करायला भाग पाडून, आपला धिप्पाड खेळाडू मुद्दाम याच्यासमोर आणून उभा करतो. त्याच्या बाजूला मोठ्या चणीचा, चेंडू सांभाळणारा साथीदार असेल तर दोन्ही दुखणी निम्मी होतात.

आणखी एक. १४४ हा आकडा छोटा आहे. एका रणजी हंगामाच्या सरासरीवरून कुणी फलंदाजाचं आयुष्य ठरवत नाही. बावन्न टक्के टिकणारच नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यापेक्षा मी फ्री थ्रोकडे, म्हणजे समोरच्याने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीकडे, बघतो, कारण तिथे समोर कुणी नसतं, हात किती खरा आहे ते उघडं पडतं. तो त्र्याऐंशी टक्क्यांच्या आसपास होता. हात खरा आहे.

आता दादाच्या 'मोजून-मापून'कडे येतो. याच केंटकीतून गेलेले गार्ड बघा. डेव्हिन बुकर इथे अख्खा हंगाम एकदाही सुरुवातीला खेळला नाही, बारा संघांनी त्याला सोडलं आणि दोन वर्षांनी त्याने बॉस्टनमध्ये एका रात्रीत ७० गुण केले. टायरीज मॅक्सीच्या आधी वीस जण निवडले गेले. शे गिल्जस-अलेक्झांडर हंगामाच्या सुरुवातीला बाकावर होता, ड्राफ्टमध्ये अकरावा गेला आणि २०२५ला एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला, शिवाय विजेतेपदही. प्रत्येकाची उंची, हातांची लांबी, उडी, धाव, सगळं इंचात मोजलेलं होतं. चूक टेपमध्ये नव्हती. संघांनी मोजली ती पोराची कॉलेजातली भूमिका, आणि ती भूमिका प्रशिक्षकाने त्या वर्षीचे सामने जिंकण्यासाठी ठरवलेली होती.

हे आपल्याला नवीन नाही खरं तर. रोहित शर्मा २००७ला भारतीय संघात आला. पुढची सहा वर्षं 'टॅलेंट' हा शब्द आपण त्याच्यावर विनोद करायला वापरला. २०११च्या विश्वचषकात तो नव्हता. जानेवारी २०१३मध्ये मोहालीला त्याला सलामीला पाठवलं, त्याने ८३ केल्या, आणि त्यानंतर एकदिवसीय सामन्यांत तीन द्विशतकं. मनगट तेच, आळशी वाटणारा तो पुलही तोच. फलंदाजीचा क्रमांक तेवढा बदलला.

पण एवढ्यावर थांबलो तर आजोबा मला पकडतील, आणि बरोबर पकडतील. भूमिका दिली की सगळं जुळतं असं नाही. टायलर युलिस आठवा. पाच फूट नऊ इंच. २०१६ला केंटकी ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते, त्या गटातला तो सर्वोत्तम खेळाडूही होता आणि सर्वोत्तम बचावपटूही. चेंडू, अधिकार, विश्वास, सगळं त्याच्या हातात होतं, आणि त्याच संघात जमाल मरे त्याच्या बाजूला दुसरा गार्ड म्हणून खेळत होता. एनबीएत मरे अजिंक्यपदापर्यंत गेला. युलिस दोन-तीन वर्षांत बाहेर पडला. कॉलेजात जो चेंडू चालवत होता तो मागे राहिला, आणि ज्याला चेंडूवाचून खेळता येत होतं तो पुढे गेला.

रीडचं ह्यूस्टनच्या एनबीए संघातलं पहिलं वर्ष बाकावरच गेलं, मध्ये खालच्या लीगमध्येही पाठवला. आजोबा म्हणाले, मुलाला वाया घालवतायत. २०२५च्या हंगामाआधी तिथला मुख्य पॉइंट गार्ड फ्रेड व्हॅनव्लीट गुडघ्याने जायबंदी झाला, तेव्हा आजोबांना वाटलं आता तरी देतील. प्रशिक्षकाने चेंडू दिला आमेन थॉम्पसनला, सहा फूट सात इंचांच्या. रीड परत बाकावरून.

मी हे दादाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे, पण तुझ्या त्या पोराला निदान एक वर्ष कॉलेजात काढावं लागलं. वैभवला कोण अडवतंय?" हा मुद्दा त्याचा खरा आहे. इथे ज्या वर्षी एकोणीस पूर्ण होतात, त्या वर्षाआधी एनबीएचं दार उघडत नाही, आणि आता विद्यापीठंच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, त्यामुळे कॉलेजात थांबणं पूर्वीइतकं महागही राहिलेलं नाही. मनासारखी भूमिका मिळाली नाही तर पोरं सरळ विद्यापीठ बदलतात. आपल्याकडे यशस्वी जैस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळायची परवानगी मागितली, तर महिनाभर चर्चा, आणि शेवटी तो मुंबईतच राहिला.

"आणि आयुष?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, त्याला सलामीलाच खेळू दे, पण नॉन-स्ट्रायकर असताना तो काय करतो ते बघ आणि मला सांग. दादा म्हणाला, टीव्हीवर ते दाखवतच नाहीत.

आजोबांशी लावलेली पैज अजून चालू आहे. रीड पूर्णवेळ पॉइंट गार्ड झाला तर मी त्यांना पुरणपोळ्या करून घालायच्या, नाही झाला तर बर्बन व्हिस्कीची बाटली माझी. कधीपर्यंत, हे मात्र आम्ही ठरवलेलं नाही. आजोबा ब्याऐंशीचे आहेत आणि त्यांना घाई नाही.