बायकांचे मत आणि उंबरठ्याच्या आतला प्रचार : निपाणीच्या वाचकताईंना उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

लोकभावनेला हात घालणाऱ्या उजव्या, म्हणजे लोकानुनयी, पक्षांना स्त्रियांपेक्षा पुरुषांची मते अधिक मिळतात, असे मी लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत : युरोपातला हा हिशेब आपल्या सीमाभागाला लागू पडत नाही, कारण येथील मिरवणुकांत भगवे फेटे बांधलेल्या बायकाच पुढे असतात; आणि ‘बायका स्वभावतः मवाळ’ हा जुना समज मी पुन्हा रुजवतो आहे.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, कारण मी दिलेली आकडेवारीच ‘स्वभावतः’ या शब्दाच्या विरोधात जाते. जर्मनीत २०१७ साली एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला पुरुषांची सुमारे १६ आणि स्त्रियांची ९ टक्के मते पडली, हे खरे. पण फ्रान्समध्ये नॅशनल फ्रंट या उजव्या पक्षाचे नेते ज्याँ-मारी ल पेन यांच्यापासून दूर राहणाऱ्या स्त्रिया, २०११ मध्ये त्यांच्या कन्या मरीन यांनी पक्षाची सूत्रे घेतल्यावर, पुढच्याच वर्षी जवळजवळ पुरुषांच्या बरोबरीने त्या पक्षाकडे वळल्या. एवढ्यात कोणाचा स्वभाव बदलत नाही. त्या पक्षाला मत देण्यात वाटणारा संकोच मात्र ओसरला होता.

पहिला आक्षेप मला अर्धा पटतो. तिकडचे अभ्यासक सांगतात की कारखान्यांतली अंगमेहनतीची कामे प्रामुख्याने पुरुषांकडे होती, ती गेल्याचा राग मतपेटीत उतरला. अर्थात त्यानेही सगळा फरक उलगडत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीपुढे उभे राहिले की हे चित्र ओळखीचे वाटते. निपाणीत मात्र ते उलटते, कारण तेथे विड्या वळण्याचे काम बायकांकडे आहे. आपल्याच गावात एका दारात मी पाहिले, मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई माझ्याशी बोलता बोलता पानात तंबाखू भरून दोरा आवळत होती आणि तिची नजर हातांकडे एकदाही गेली नाही. रोजगाराची धास्तीच मत ठरवत असेल, तर तेथे अशा पक्षांना मत देण्यात बायका पुरुषांच्या पुढे असायला हव्यात.

मिरवणुकीबद्दल मात्र मी असहमत आहे. मिरवणुकीतली गर्दी म्हणजे मते नव्हेत. भाजपला लोकानुनयी म्हणावे का, यावर मतभेद आहेत, पण त्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. मतदारांच्या पाहण्या करणाऱ्या लोकनीती या संस्थेच्या पाहणीनुसार २०१४ मध्ये त्या पक्षाला पुरुषांची ३३ आणि स्त्रियांची २९ टक्के मते होती. २०२४ पर्यंत हे अंतर जवळपास मिटले. मधल्या काळात, २०१६ मध्ये, उज्ज्वला योजना आली. त्याहून महत्त्वाचे मला वाटते ते हे, की पुरुष कार्यकर्ता कट्ट्यावर थांबतो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेली कार्यकर्ती थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते.

ही वाट एकाच पक्षाची नाही. जून २०२३ पासून खानापूरच्या बसमध्ये बायकांना वाहक शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो, आणि गृहलक्ष्मी योजनेत बायकांना महिन्याला मिळणारे २००० रुपये कर्नाटकातील काँग्रेस सरकारने सुरू केले आहेत. त्याच वर्षी निपाणीतून भाजपच्या शशिकला जोल्ले आणि बेळगाव ग्रामीणमधून काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर निवडून आल्या. पण मतमोजणीत बायकांची मते वेगळी मोजली जात नसल्याने त्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही.

‘स्वभावतः’ हा शब्द मी लेखातून काढला आहे. आपण पाहिलेल्या मिरवणुकीतल्या बायकांना बोलावणे कोणी केले, बचत गटातून, देवळातून की घरच्या पुरुषांकडून, हे आपण कळवलेत तर ते मूळ लेखात जोडीन.