बापाची चिठ्ठी आणि बेताचा मार

वाद पेटवला पम्यानं. अण्णांचं नेहमीचं पालुपद सुरू होतं, मास्तरांनी धोपटलं म्हणून आमची पिढी घडली वगैरे. पम्या म्हणाला, "मग ईस्टबोर्नच्या हॉपली मास्तरांचाही सत्कार करू या."

हॉपली कोण ते अण्णांना माहीत नव्हतं, वकिलाला होतं. १८६० सालची, इंग्लंडमधली गोष्ट. थॉमस हॉपलीकडे रेजिनाल्ड कॅन्सेलर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा शिकायला होता. अभ्यासात कच्चा. मास्तरांना तो हट्टी वाटला. त्यांनी बापाला पत्र लिहून मारायची परवानगी मागितली, बापानं ती दिली. मग एका रात्री काठीनं आणि दोरउडीच्या दोरीनं इतकं बडवलं की सकाळी मुलगा मेलेला सापडला. हातमोजे आणि लांब पायमोजे घालून वळ झाकलेले.

"अहो, तो माथेफिरू! त्याच्यावरून सगळ्या मास्तरांना कशाला झोडपता?"

"अण्णा, निकाल ऐका," वकील म्हणाला. "सदोष मनुष्यवध, चार वर्षं सक्तमजुरी. पण सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी त्याच खटल्यात सांगितलं, की पोर सुधारायला आईबापानं किंवा मास्तरानं बेताचा, वाजवी मार दिला तर कायद्याची हरकत नाही. हॉपली आत गेला, छडी सुटली. ब्रिटनच्या सरकारी शाळांतून ती जायला १९८७ उजाडलं."

पम्याचं म्हणणं, गरिबांच्या शाळांत छडीमागे पैसाही होता. तिकडे १८६२च्या नियमांनी शाळांचं सरकारी अनुदान हजेरीला आणि इन्स्पेक्टर घेई त्या परीक्षेला बांधलं. वाचन, लेखन, अंकगणित. पोर ज्या विषयात नापास, त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. पुष्कळ मास्तरांचा पगार त्याच अनुदानातून.

"मग इन्स्पेक्टर यायच्या आधी मास्तर काय आरती ओवाळेल?" अण्णा उसळले. मला त्यांचा हा एकच मुद्दा पटला. पण तो छडीच्या बाजूचा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"पोरांनाही कळत होतं," पम्या म्हणाला. "१८८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॉइकला शाळकरी पोरं संपावर गेली. लोण बरंच पसरलं. छडी बंद करा, गृहपाठ बंद करा!"

गृहपाठाचं ऐकून अण्णा हसले. तेवढ्यात वकिलानं गाडी इकडे वळवली. आपली २०२४ पर्यंत चाललेली भारतीय दंडसंहिताही १८६०चीच. तिचं कलम ८९ बारा वर्षांखालच्या मुलाबद्दल होतं : पालकाच्या संमतीनं, मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूनं केलेलं कृत्य गुन्हा धरायचं नाही. कोर्टात मास्तरांच्या बचावाला ते पुढे केलं जायचं. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत मारायला देशभर बंदी आली ती २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं.

"पण बापाची चिठ्ठी होती ना?" अण्णा अजून तिथेच.

"होती. बेताच्या मारापुरती धरली कोर्टानं."

"मग बरोबरच आहे. बेतात मारावं."

"बेत ठरवायचा कुणी?" पम्यानं विचारलं.

"मास्तरनं. आणखी कुणी?"

"हॉपलीनं तेच केलं होतं," वकील म्हणाला, आणि अण्णांनी चहाचे पैसे द्यायला पाकीट काढलं.