मुंबई-नागपूर : 'आता ट्रेनने कोण जातं?' या मेसेजला उत्तर

दिवाळी जवळ आली की आम्हा मुंबईतल्या वैदर्भीयांच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर असा : "मुंबई-नागपूर ट्रेनने जाणं म्हणजे वेळेची नासाडी. समृद्धीने आठ तास, विमानाने दीड तास, ट्रेनने चौदा तास. चौघं असाल तर गाडी ट्रेनपेक्षा स्वस्त पडते. रात्री निघा, रस्ता मोकळा मिळतो. ट्रेनचं कन्फर्म तिकीट तसंही मिळत नाही."

मी अठरा वर्षं डोंबिवलीत राहतो, आई-बाबा नागपूरला आहेत. तिन्ही मार्गांनी गेलोय, वर्षातून चार-पाच वेळा जातोच. मेसेज वाचून सोडून दिला असता. पण माझ्या मावसभावाने तो वाचून ठरवलं की ऑफिस सुटलं की जेवून रात्री अकराला बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन गाडीने निघायचं. म्हणून हे लिहितोय.

"समृद्धीने आठ तास." समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो मुंबईत येत नाही. तो भिवंडी तालुक्यातल्या आमणेला संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला, तेव्हापासून आठ तासांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. आठ तासांत ७०१ किलोमीटर म्हणजे ताशी ८८ची सरासरी, तीही कुठेही न थांबता. लघुशंकेला नाही, चहाला नाही, डिझेलला नाही. वेगमर्यादा सपाटीवर १२० आणि घाटात १०० आहे, म्हणजे जिथे उशीर होईल तो भरून काढायला फारशी जागा नाही. आमण्यापासून दादर अजून पन्नासेक किलोमीटर, आणि मध्ये भिवंडीचे कंटेनर आणि माजिवड्याचा सिग्नल. मुलं बरोबर असली की मला घरातून घरापर्यंत साडेदहा ते साडेअकरा तास लागतात. रस्ता उत्तम आहे, यात वाद नाही. पूर्वी याच प्रवासात अख्खा दिवस आणि वर थोडी रात्र जायची. पण आठ तास फक्त टोलनाक्यापासून टोलनाक्यापर्यंत.

"विमानाने दीड तास." हवेत, हो. सकाळी सहाचं विमान असेल तर चारला विमानतळावर, म्हणजे डोंबिवलीतून अडीचला टॅक्सी, म्हणजे झोप झालीच नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. सहा तास. अंधेरीत राहणाऱ्याला चार-साडेचार लागतील. घरात कुणी गेलं किंवा आयसीयूत असलं, तर दोनदा विचार न करता विमानाने जावं. मीही तसाच गेलोय. पण दिवाळीच्या आठवड्यात ऐन वेळी तिकीट काढायला बसलात की चौघांच्या कुटुंबाला तो पर्याय राहत नाही.

आता "ट्रेनने चौदा तास." विदर्भ एक्स्प्रेसला साधारण तेवढे लागतात. दुरांतो रात्री आठनंतर सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी सातच्या सुमारास नागपूरला पोचते, म्हणजे अकरा तास. पण मेसेज लिहिणाऱ्याने या चौदा तासांतले सात तास मी झोपलेला असतो हे धरलेलंच नाही. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडतात, तो हलकासा धक्का बसला की मी पांघरूण घेतो. जाग येते ती बडनेरा मागे टाकल्यावर. तोंड धुऊन, चहा पिऊन मी नागपूरला उतरतो आणि त्याच दिवशी आईला घेऊन बँकेत जाऊ शकतो. गाडी चालवत गेलो की पहिला दिवस पाठ टेकण्यातच जातो. मग मोटारीचे ते अकरा तास प्रत्यक्षात किती झाले? गाडीतला प्रत्येक तास चालवणाऱ्याला जागा राहून काढायचा असतो.

"चौघांना गाडी स्वस्त." करूया हिशोब. दादर ते नागपूर साडेसातशे किलोमीटर धरा. वेगात चालणाऱ्या पेट्रोल गाडीने लिटरला पंधरा किलोमीटर दिले तर पन्नास लिटर, लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे पाच हजारांहून जास्त. समृद्धीचा टोल एप्रिल २०२५पासून मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, पूर्ण रस्त्याचे १४४५ रुपये. एका बाजूचे साडेसहा हजारांच्या पुढेच जातात, माणशी सोळाशे तरी पडतातच. विदर्भचं थर्ड एसी तेराशेच्या आसपास, स्लीपर पाचशेच्या आसपास. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही, आणि पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं. सेकंड एसीशी तुलना केली तर गाडी किंचित स्वस्त पडते, तेवढं खरं. दोघंच असाल तर तुलनाच नको. टायरची झीज यात धरलेलीच नाही.

"रात्री निघा, रस्ता मोकळा मिळतो." खरं तर हे सगळं मी या एका वाक्यासाठी लिहितोय.

१ जुलै २०२३च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. वेळ मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराची. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ सैलानीबाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्यांची मिनीबस ट्रकवर आदळली, १२ माणसं गेली. तीही मध्यरात्रीनंतरच.

मोकळा रस्ता काय करतो हे मला मेहकरच्या अलीकडे कळलं. रात्रीचे पावणेतीन वाजले होते, क्रूझ कंट्रोल ११०वर. वळण नाही, गाव नाही, समोरून दिवे नाहीत, खड्डा नाही, गिअर बदलायचं कारण नाही. नुसत्या पांढऱ्या रेघा बोनेटखाली येत राहतात आणि सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा एकसुरी आवाज. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते. मग बाजूला बसलेल्या बायकोने विचारलं, "अहो, मघाशी तो पेट्रोल पंप गेला ना, थांबायचं होतं तिथे?" मला पंप दिसलाच नव्हता. फक्त पंपच नाही, त्याआधीची दहा-बारा किलोमीटर मला आठवत नव्हती. मी पुढच्या थांब्यावर गाडी लावली आणि उजाडेपर्यंत काच खाली करून पडून राहिलो. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, तिचा पाय सीटवरून खाली लोंबत होता. तो पाय अजून डोळ्यांसमोर आहे.

घाटातला जुना रस्ता तुम्हाला जागं ठेवायचा, हा झोपवतो. त्यामुळे दिवसभर काम करून, पोटभर जेवून रात्री अकराला स्टिअरिंगवर बसू नका. गाडीनेच जायचं तर रात्री झोपा, पहाटे साडेपाचला निघा. टायरची हवा थंड असताना तपासा, टायर जुने झाले असतील तर १२०ने चालवूच नका. दर दोन तासांनी उतरून चाला, झोप असो वा नसो.

वयस्कर माणसांचंही सांगतो. बाबांना एकदा हौसेने गाडीतून आणलं. थांबत थांबत आलो तरी डोंबिवलीला उतरताना त्यांचे पाय इतके सुजले होते की चपलेत जाईनात. ट्रेनमध्ये खालचा बर्थ मिळाला की ते पाय लांब करतात, मनात आलं की दारापर्यंत चक्कर मारतात, आणि संडास दहा पावलांवर असतो. सत्तरीपुढच्या माणसाला हे शेवटचं किती महत्त्वाचं असतं ते घरात तसं माणूस असल्याशिवाय कळत नाही. रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२०मध्ये बंद केली, ती परत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

"कन्फर्म तिकीट मिळतच नाही." दिवाळीत मिळत नाही, हे कबूल, आणि त्याचा राग मलाही आहे. या मार्गावर रेल्वेगाड्या वाढायलाच हव्यात. पण वर्षातले बाकीचे महिनेही आहेत. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. तेव्हा तारीख मोजून त्या सकाळी आठला बसा. दुरांतोचं भाडं मागणीप्रमाणे चढत जातं, विदर्भ आणि सेवाग्रामचं तसं नाही. हावड्याकडे जाणारी मेल आणि गीतांजलीही नागपूरवरूनच जातात, त्या लोक बघतच नाहीत. तत्काळ एसीचं आदल्या दिवशी दहाला, स्लीपरचं अकराला.

गाडीची बाजू खरी कुठे आहे, तर लोणार, मेहकर, सिंदखेडराजा. तिथे रेल्वे नाही, आणि समृद्धीने या लोकांचं अंतर खरंच कमी केलंय. तिथल्यांनी गाडीनेच जावं, दिवसा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. विदर्भ एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये तुम्हाला हातात फायली घेतलेली माणसं नेहमी दिसतील. ती परळला, टाटाला निघालेली असतात. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर रुग्णालयाकडून विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायला सांगा आणि ते घेऊन आरक्षण खिडकीवर जायला सांगा. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं आणि ते पूर्ण भाडं भरून बसतात.

मावसभाऊ आता शनिवारी पहाटे निघतोय.