घनमीटरला बाईचा वेगळा दर नसतो

सध्या नाशकात जिकडे बघावं तिकडे खोदलेलं आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट, पाइपलाइन, सगळं एकदम निघालंय. सर्व्हेवाल्यांना दिवस बरे आलेत, ड्रोनवाल्यांना तर फारच बरे. आणि या गडबडीत एक वाक्य मला सारखं ऐकू येतं, "मॅडम, ड्रोन आला, आता तुम्हा लेडीजना फील्ड सोपं झालं. पगारही आपोआप सारखे होतील." बोलणारा चांगल्या मनानं बोलतो. मला मात्र ते पटत नाही. का, ते लिहिते. जरा लांबेल.

मी सिव्हिलची डिप्लोमावाली, टोटल स्टेशनच्या, म्हणजे तिवईवर उभं करून अंतर-कोन मोजायच्या यंत्राच्या जमान्यात या धंद्यात आले. तेव्हा मुलीला फील्डवर न नेण्याचं ठरलेलं कारण असायचं: इन्स्ट्रुमेंट जड असतं. ट्रायपॉडसकट टोटल स्टेशन दहा-बारा किलोच्या घरात जातं. त्याच साइटवर एखादी बाई काँक्रीटचं घमेलं डोक्यावर घेऊन दिवसभर रॅम्प चढत-उतरत असते, आणि ते घमेलं काही त्याहून हलकं नसतं. तिला "झेपणार नाही" म्हणून कोणी घरी पाठवल्याचं मी पाहिलेलं नाही. वजनाची काळजी फक्त बऱ्या पगाराच्या कामापुरती होती.

आता ते कारणच उरलं नाही. सर्व्हेला वापरतात ते बरेचसे ड्रोन दोन किलोच्या आतले, म्हणजे 2021 च्या ड्रोन नियमांतल्या मायक्रो वर्गातले. धंद्यासाठी उडवायचे तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी वय 18 पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं ट्रेनिंग. बाई की बुवा, नियम विचारत नाही. नाशकात खरी डोकेदुखी वेगळीच. ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना. कुठे ड्रोनला बंदी ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा न बघता ड्रोन वर घातला तर खाली पोलीस उभे.

मग पगाराचं घोडं अडतं कुठे? ड्रोन सर्व्हे म्हणजे नुसतं उडवणं नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आधी जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे फोटोत दिसतील अशा ठरावीक खुणा घ्यायच्या, चुन्याची फुली मारायची, डीजीपीएसनं, म्हणजे जास्त अचूक जीपीएसनं, त्यांची नेमकी जागा काढायची. मग उड्डाण. तेही बहुतेक ठरवलेल्या आखणीवर आपोआप होतं, फोटो एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढतील अशा बेतानं. त्यानंतर ऑफिसात प्रोसेसिंग. हजारो फोटो जुळवून नकाशा करायचा, पॉइंट क्लाउडमधून, म्हणजे फोटोंवरून तयार होणाऱ्या असंख्य बिंदूंच्या त्रिमितीय चित्रातून, झाडं-झुडपं, शेड, उभे जेसीबी काढून खरी जमीन शोधायची, कंटूर (समान उंचीच्या रेषा) टाकायचे, खोदाई-भरावाचं घनमीटर काढायचं. चूक सापडायची असेल तर इथेच सापडते. सगळ्यात डोकं लागतं तेही इथेच.

आणि पैसे सगळ्यात कमी कुठे? तेही इथेच. फील्डवर जाणाऱ्याला सर्व्हेअर म्हणायचं, त्याला फील्ड अलाउन्स, पेट्रोल, कुठे कुठे उड्डाणामागे वर काही. ऑफिसात बसून प्रोसेसिंग करणारी 'डेटा ऑपरेटर', तिला फिक्स पगार. आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी मुली सर्टिफिकेट खिशात ठेवून ऑफिसच्या खुर्चीवर आहेत, कारण "उन्हात कशाला, मॅडम, तुम्ही आत बसा." ही काळजी दर महिन्याला पगारातून कापली जाते. साइटवर बाईमाणसासाठी संडासाची सोय करायचा खर्च त्यापेक्षा कमीच येईल, पण तो विषय कोणी काढत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफरचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. 1987 चा निकाल. कंपनीचं म्हणणं, आमच्या लेडी स्टेनो 'कॉन्फिडेन्शियल' वर्गातल्या, तो वेगळाच वर्ग, आणि शिवाय सारखा पगार द्यायला परवडत नाही. कोर्टानं दोन्ही मानलं नाही. काम सारखं की नाही ते काम बघून ठरवायचं आणि परवडत नाही ही सबब चालायची नाही. समान वेतनाचा 1976 चा कायदा आता वेतन संहितेत आला आहे आणि संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तिथेही कसोटी तीच: कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी. खुर्ची आत आहे की बाहेर, हे तिथे लिहिलेलं नाही.

पण हा सगळा शिकलेल्यांचा तंटा झाला. मला जास्त टोचतं ते त्या खालचं.

चुन्याची फुली मारायला, दगड हलवायला, झुडूप तोडायला सोबत असतात ती पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली माणसं, बहुतेक नवरा-बायको. साइटवरची खोदाई, भराव, काँक्रीट यांच्याच जिवावर. नाक्यावर सकाळी उभे राहा आणि भाव विचारा. गड्याची हजेरी एक, बाईची त्यापेक्षा शंभराच्या एक-दोन नोटा कमी. सरकारी किमान वेतनात अकुशल पुरुष आणि अकुशल स्त्री असे दोन दर नाहीत. नाक्यावर आहेत. पुरुष चार-पाच वर्षांत बिगारीचा मिस्त्री होतो, म्हणजे कुशलमध्ये जातो. बाई वीस वर्षं माल कालवते, कोणत्या स्लॅबला किती पाणी हे तिला हाताला कळतं, तरी ती बिगारीच. मिस्त्रीची करणी तिच्या हातात कोणी देतच नाही.

आता हिशोबाची गंमत बघा. ठेकेदाराला बिल मिळतं घनमीटरवर. एवढे घनमीटर खोदाई, गुणिले दर. ते घनमीटर आम्ही ड्रोननं मोजून देतो, त्यावर सह्या होतात, बिल निघतं. त्या बिलात "यातली निम्मी माती बाईनं उचलली, म्हणून इतकी वजावट" असा रकाना नसतो. बाईनं काढलेला घनमीटर सरकारी खात्याला त्याच दरानं पडतो. मग तिच्या हजेरीत कमी पडलेल्या त्या नोटा जातात कुठे, हे सांगायला कोणी अर्थतज्ज्ञ लागत नाही.

"अहो, बाई काम कमी करते," असं मुकादम सांगतात. बरं. मग मोजून द्या ना. महाराष्ट्रानं हे आधी केलेलं आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागेंच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगाव उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिथे मजुरी कामाच्या मापावर होती आणि दरात बाई-पुरुष भेद नव्हता. टेप आणि मेजरमेंट बुक घेऊन तेव्हाच्या ओव्हरसिअरांनी ते केलं. आमच्याकडे आज सेंटिमीटरपर्यंत मोजणारं यंत्र आहे, आणि हजेरी मात्र साडी बघून लावतो.

आता इथे मला स्वतःलाच थोडं अडवायला हवं. मापावर मजुरी म्हटलं की सगळं सुटतं असं नाही. उक्त्या कामात 'जोडी' लावतात आणि पैसे जातात नवऱ्याच्या हातात. दर सारखा असला तरी तिच्या हाती किती पडतं, कोण जाणे. म्हणून मस्टरवर (हजेरीपटावर) तिचं नाव वेगळं हवं आणि पैसे तिच्या खात्यात हवेत. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मस्टरवर नावच नसेल तर दाखला कशाच्या जोरावर मागायचा? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे, तो 2025 मध्ये नव्या संहितांत जाईपर्यंत, पन्नासहून जास्त बाया कामावर असतील तर पाळणाघर द्यावं लागायचं. आणि बाया मोजल्याच नाहीत तर तोही खर्च वाचायचा.

नमो ड्रोन दीदीचं काय, असं विचारणारे भेटतात. 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायची योजना आहे, चांगलीच आहे, पण ती फवारणीसाठी. बाई आणि ड्रोन म्हटलं की शेतच डोळ्यांसमोर येतं, रस्ता कुठून न्यायचा तो ॲलाइनमेंट सर्व्हे नाही. त्या दीदींपैकी निम्म्या जणी कंट्रोल पॉइंट घ्यायला शिकल्या, तर फवारणी नसलेल्या महिन्यांतही त्यांना काम मिळेल.

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचं मध्यक वेतन (पगार क्रमानं लावले की मधोमध येणारं) वेगवेगळं छापावं लागतं, सेबीचा तसा नियम आहे. गंगापूर रोडवरच्या दहा माणसांच्या सर्व्हे फर्मला किंवा पाथर्डी फाट्यावरच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरला असलं काही लागू नाही. पण सिंहस्थाचं काम जनतेच्या पैशाचं आहे. टेंडरमध्ये एक अट घालायला काय हरकत? चालू बिलासोबत मस्टरची प्रत: नाव, काम, दर, खातं. आम्ही घनमीटरचा रिपोर्ट जोडतो, त्याच्याच मागे ते पान लागेल. बिल तपासणारा साहेब दोन्ही पानं एकदम बघेल.

आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींनो, इंटरव्ह्यूत पगार सांगितला की लगेच हो म्हणू नका. फील्डला गेल्यावर काय, प्रोसेसिंगला काय, एकराला काय, हे तिन्ही विचारा. बाजारात काय दर चाललाय ते माहीत नसेल तर मला इनबॉक्स करा. मी माझे आकडे लपवत नाही. आमच्या धंद्यातल्या पुरुष मित्रांनीही तेवढं केलं तर बरं होईल, कारण कमी मिळतंय हे कळायला दुसऱ्याला किती मिळतंय ते आधी कळावं लागतं.