"ताई, '६९ची कॅमॅरो घेऊन ठेवू का?"

परवा गणपतीच्या जेवणात पंगतीत शेजारी बसलेल्या पोराने विचारलं, "ताई, '६९ची कॅमॅरो साठ हजार डॉलरला मिळतेय. घेऊन ठेवू का? दहा वर्षांत दुप्पट होतील ना पैसे?" कॅमॅरो म्हणजे शेव्हरोले कंपनीची जुनी अमेरिकन गाडी. इथे डेट्रॉईटला नोकरीला येऊन त्याला तीन वर्षं झालीत. मी तेव्हा एवढंच म्हटलं की ठेवायला घेणार असशील तर नको, चालवायला घेणार असशील तर आपण मिळून बघू. घरी आल्यावर वाटलं, पोराला नीट काही सांगितलंच नाही. म्हणून हे लिहितेय, जरा लांबलंय.

या गाड्या, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन 'मसल कार', मुळात श्रीमंतांसाठी नव्हत्याच. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियाकने मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन घातलं आणि जीटीओ काढली. मधल्या गाडीत ३३० च्या वरचं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. म्हणून ते वेगळं मॉडेल न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं. साधी बॉडी, दांडगं इंजिन आणि पंचविशीतल्या नोकरदार पोराला हप्त्यावर झेपेल अशी किंमत. १९७० पर्यंत शेव्हरोलेच्या शेव्हेलला, तिच्या एसएस म्हणजे 'सुपर स्पोर्ट' प्रकारात, ४५० अश्वशक्तीचं एलएस६ इंजिन मिळायला लागलं होतं. मग विम्याचे हप्ते भडकले, प्रदूषणाचा कायदा आला, बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं आटोपलं. जेमतेम दहा वर्षं.

आज ज्यांच्यावर डोळे पांढरे करणाऱ्या बोल्या लागतात, त्यांतल्या कितीतरी गाड्या तेव्हा खपत नव्हत्या. इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातल्या फ्रेड गिब या डीलरने १९६९ च्या मॉडेलच्या, झेडएल१ नावाच्या कॅमॅरो मागवल्या, एकदम ५०. सगळं इंजिन ॲल्युमिनियमचं, आणि गाडीची किंमत ७,२०० डॉलरच्या वर, साध्या कॅमॅरोच्या दुपटीहून जास्त. गिऱ्हाईक फिरकेना. बऱ्याच गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. एकूण ६९ च बनल्या. प्लिमथ सुपरबर्डचंही तेच. टोकदार नाक आणि मागे उंच पंख असलेली ही गाडी शोरूमबाहेर इतकी पडून राहायची की काही डीलरांनी नाक-पंख काढून ती साधी म्हणून विकली. तीच सुपरबर्ड, क्रायसलरच्या हेमी नावाच्या दांडग्या इंजिनाची, मे २०२२ मध्ये इंडियानापोलिसच्या मेकम लिलावात १६.५ लाख डॉलरला गेली. आणि प्लिमथचीच १९७१ची हेमी 'क्युडा कन्व्हर्टिबल २०१४ साली ३५ लाखांना. नवी असताना त्या हेमीसाठी हजार डॉलरसुद्धा जादा पडत नव्हते.

अशा बातम्या वाचून लोकांना वाटतं, जुनी व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची गाडी, दिसली की सोनं. तसं नाही रे. या गाड्यांचा भाव दोनदा डोळ्यांदेखत चढला आणि दोनदा उतरला. २००८ च्या आधीची तेजी मंदीत विरली. २०२०-२२ मध्ये घरात बसलेल्या लोकांनी स्वस्त कर्जावर पुन्हा भाव पेटवले आणि व्याजदर वाढले तशी हवा गेली. कागदोपत्री चोख, मोजक्याच उरलेल्या गाड्या टिकून राहतात. मधल्या फळीतल्या, तुझ्या कॅमॅरोसारख्या, पहिल्यांदा घसरतात.

यामागचं कारण माणसांत आहे. शाळेबाहेर उभी असलेली जीटीओ बघून ज्यांच्या पोटात कालवलं, ती पोरं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. हातात पैसा आला तेव्हा त्यांनी ती हौस फेडली. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, गॅरेज रिकामी होतायत. आणि आजच्या चाळिशीतल्या माणसाला जपानी सुप्रा हवी असते, स्कायलाइन हवी असते, कारण त्याच्या लहानपणी भिंतीवरच्या पोस्टरात तीच होती.

मला हा उतार चांगला वाटतो, अगदी मनापासून. वीस वर्षं या गाड्या वातानुकूलित गोदामात झाकून ठेवल्या गेल्या. भाव उतरला तर त्या पुन्हा रस्त्यावर येतील. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, उभं राहून बघ, गाडी जवळून जाते तेव्हा छातीच्या पिंजऱ्यात काय होतं ते.

आता माझं स्वतःचं. आठ वर्षांपूर्वी आम्ही १९७०ची शेव्हेल घेतली, 'एसएस ३९६' म्हणून, ५२ हजारांना. विकणारा गोड बोलणारा, रंग आरशासारखा. माझ्या बाबांचं कोल्हापुरात गॅरेज होतं. ते गाडी बघताना आधी खिशातून लोहचुंबक काढायचे आणि मागच्या चाकाच्या वर फिरवायचे. गंज झाकायला लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही. मला हे सगळं माहीत होतं आणि मी ते केलं नाही. सहा महिन्यांनी एका जुन्या मेकॅनिकने टॉर्च मारून इंजिनची पट्टी दाखवली, उजव्या हेडच्या पुढची, जिथे चासी नंबरचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. आकडे जुळत होते. पण फॅक्टरीतल्या मशीनच्या बारीक सरळ रेघा तिथे नव्हत्या. पट्टी घासून नंबर नव्याने ठोकला होता. गाडी एसएस नव्हेच, साधी शेव्हेल मालिबू निघाली. त्या रात्री मी गॅरेजमध्ये तिच्या बॉनेटवर हात ठेवून रडले. पैसे तर गेलेच, पण बाबा असते तर काय म्हणाले असते, ते जास्त लागलं.

तेव्हापासून शिकले. १९६९ ते १९७१ च्या शेव्हेलचा चासी नंबर ती एसएस आहे का हे सांगतच नाही. क्रायसलरच्या १९७०-७१ च्या गाड्यांत चासी नंबरातलं पाचवं अक्षर 'आर' असेल तर हेमी. फोर्ड १९६७ पासूनची असेल तर मार्टी रिपोर्ट, म्हणजे फोर्डच्या जुन्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मागवायचा, पाँटियाकची जुनी कागदपत्रंही मागवता येतात. शेव्हरोलेच्या बाबतीत मात्र फॅक्टरीची बिल्डशीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, मिळाली तर नशीब. ती कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते, कधी सीटच्या स्प्रिंगांत, उंदरांनी कुरतडलेली. त्या पिवळ्या कागदावर गाडीच्या भावातले हजारो डॉलर अवलंबून असतात.

काल त्या पोराने फोटो पाठवला. चासी नंबर १२४३७ ने सुरू होतोय, म्हणजे कॅमॅरो जन्मापासून व्ही-एट आहे. सहा सिलिंडरची असती तर १२३ ने सुरू झाला असता. बाकी एसएस वगैरे जे सांगतोय तो विकणारा, त्याचा पुरावा या नंबरात नाही. अरे, त्याला साठ हजार म्हणू नकोस, आत्ता काहीच आकडा बोलू नकोस. शनिवारी सकाळी नऊला मी येते. अंगावर जुने कपडे घाल, गाडीखाली झोपायचंय. बाबांचं चुंबक माझ्याकडेच आहे, टॉर्च तेवढा तू आण.